तोच तास, निराळे निकाल

अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठात पदवीच्या विद्यार्थ्यांना सूक्ष्म अर्थशास्त्राचा एक पायाभूत विषय शिकवला जात असे. नाव घालणारे हजाराच्या वर आणि ज्या सभागृहात तास होई तिथल्या खुर्च्या दोनशेच्या आत. म्हणून तासाचे चित्रीकरण होई आणि बहुतेक मुले ते आपापल्या खोलीत संगणकावर पाहत. डेव्हिड फिग्लिओ, मार्क रश आणि लू यिन या अर्थतज्ज्ञांना या व्यवस्थेत एका जुन्या वादाचा निकाल लावण्याची संधी दिसली. स्वखुशीने तयार झालेल्या काहीशे विद्यार्थ्यांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन भाग केले. एका भागाने सभागृहातच बसायचे, चित्रफीत पाहायची नाही. दुसऱ्याने चित्रफीतच पाहायची, सभागृहाकडे फिरकायचे नाही. शिकवणारे तेच, बोललेले शब्द तेच, आकृत्या त्याच आणि प्रश्नपत्रिकाही तीच. सत्र संपल्यावर गुण ताडून पाहिले.

हा निकाल २०१० मध्ये प्रथम मांडला गेला आणि २०१३ मध्ये रीतसर छापून आला. सगळ्यांची मिळून सरासरी काढली तर सभागृहवाले थोडेसे पुढे होते. इतके थोडे की त्यावरून कोणी वाद घालू नये. तेच आकडे गटागटाने मांडल्यावर मात्र चित्र पालटले. आधीचे गुण बेताचे असलेली मुले पडद्यावर शिकली तेव्हा, सभागृहात बसलेल्या आपल्यासारख्याच मुलांपेक्षा सुमारे अर्धी श्रेणी मागे राहिली. मुलग्यांचेही साधारण तसेच झाले. आणि हिस्पॅनिक विद्यार्थी जवळजवळ एक अख्खी श्रेणी खाली आले.

एक श्रेणी म्हणजे काय, हे आपल्याकडच्या टक्केवारीत चटकन उमगत नाही. अमेरिकी महाविद्यालयात 'बी' मिळवणारा विद्यार्थी सुरक्षित असतो, 'सी' मिळवणारा काठावर. सरकारी शिष्यवृत्ती टिकवायला दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस साधारणपणे सरासरी 'सी' लागते. दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून चार वर्षांच्या विद्यापीठात जायचे, तर तिथे विषय धरला जाण्यासाठीही बहुधा 'सी'च्या खाली जाऊन चालत नाही. वरच्या मुलाची एक श्रेणी गेली तर त्याचे गुणपत्रक थोडे मळते. काठावरच्या मुलाची गेली तर त्याचे कॉलेजच सुटू शकते.

हा निकाल मांडला जाण्याच्या जेमतेम वर्षभर आधी, २००९ मध्ये, अमेरिकी शिक्षण खात्याने एक मोठा आढावा प्रसिद्ध केला होता. १९९६ ते २००८ या काळातल्या हजाराहून अधिक अभ्यासांतून चाळून काढलेल्या निष्कर्षांची बेरीज त्यात होती आणि ती सांगत होती की ऑनलाइन शिकणारे सरासरीने किंचित सरसच ठरतात. अहवाल लिहिणाऱ्यांनी लगेच पुढे नोंदवले होते की हा फायदा मुख्यतः ऑनलाइन आणि प्रत्यक्ष अशा मिश्र वर्गांचा आहे आणि त्या वर्गांना बहुधा जादा वेळ आणि जादा साहित्यही मिळाले होते. अहवालाची तळटीप वाचायची सवय अर्थसंकल्प आखणाऱ्यांना नसते. पुढची दहा वर्षे ज्याने त्याने आपल्या सोयीचे पहिले वाक्य उचलले.

तळटिपा वाचायच्या तर त्या दोन्हीकडच्या वाचाव्यात. फिग्लिओ आणि मंडळींचा प्रयोग एका विद्यापीठातल्या एका विषयाचा. त्यात भाग घेणारेच काहीशे, त्यातले हिस्पॅनिक त्याहून कितीतरी थोडे. एवढ्या लहान संख्येवरून निघालेला 'एक श्रेणी'चा आकडा नंतर असा मिरवला गेला, जणू देशभरच्या हिस्पॅनिक मुलांची ती जन्मखूण आहे. मुळात 'हिस्पॅनिक' हा शब्दच सरकारी रकान्याचा. १९८० च्या जनगणनेत तो देशभर प्रत्येक घराला विचारला गेला आणि मायामीतले क्युबन व्यापारी, टेक्सासच्या सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मेक्सिकन वंशाचे लोक, न्यूयॉर्कमधले पोर्तो रिकोचे कामगार आणि ग्वातेमालाहून काल-परवा आलेले मजूर एका ओळीत बसले. यांच्यात कोणी तीन पिढ्यांचे वकील आहेत, कोणाच्या आईवडिलांनी शाळेची पायरीही चढलेली नाही. पडद्यावर शिकताना हे सगळे एकाच कारणाने अडखळतील असे मानायला आधार नाही.

इतर पुरावाही एका सुरात बोलत नाही. प्रिन्स्टनचे माजी अध्यक्ष विल्यम बोवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क आणि मेरीलँडमधल्या सहा सार्वजनिक विद्यापीठ-परिसरांत संख्याशास्त्राच्या पहिल्या विषयावर असाच चिठ्ठ्यांचा प्रयोग केला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. फरक जवळजवळ शून्य निघाला. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक विद्यार्थी वेगळे काढून पाहिले तरी तेच. पण तिथले ऑनलाइन म्हणजे नुसते ऑनलाइन नव्हते. मुले संगणकावर शिकत आणि आठवड्यातून एक तास शिक्षकासमोर बसत. कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेल्या एका संशोधन केंद्रातल्या दी शू आणि शॅना जॅगर्स यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांमधल्या चाळीस हजारांवर विद्यार्थ्यांच्या सुमारे पाच लाख विषयनोंदी तपासल्या. पूर्ण ऑनलाइन विषयात सगळेच गट घसरलेले दिसले. सर्वांत जास्त घसरले ते मुलगे, वयाने लहान, कृष्णवर्णीय आणि आधीच कमी गुण असलेले. या यादीत हिस्पॅनिक ठळकपणे नाहीत. २०२० च्या साथीत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत पुन्हा एकदा चिठ्ठ्या टाकून तुलना झाली. तिथली पोरे शिस्तीत वाढलेली, एकाच आवारात राहणारी, सगळ्यांना सारखेच नेट. तरी ऑनलाइनवाले मागे पडले, आणि मुख्यतः तेच मागे पडले ज्यांची आधीची तयारी कच्ची होती.

आमच्या मते या सगळ्यातून धरून ठेवण्याजोगी गोष्ट अशी की सरासरीला विचारलेला प्रश्न बहुधा चुकीचा असतो. 'ऑनलाइन बरे की वर्गात बरे' असे विचारले की उत्तर येते, 'फारसा फरक नाही'. ते उत्तर खोटे नसते. पण ते ज्याचे कसेही निभावते त्याला आणि ज्याचे निभावत नाही त्याला एकत्र मिसळून काढलेले असते. हिस्पॅनिक मुलांचा प्रश्न या दुसऱ्या ढिगात येतो. त्यांच्या नावापेक्षा त्यांची परिस्थिती त्याला कारण आहे, असे वाटण्याजोगा पुरावा आता पुरेसा साठला आहे.

पहिले कारण हमखास भाषेचे सांगतात. त्यात तथ्य आहे, पण वाटते तितके नाही. अमेरिकेतल्या हिस्पॅनिक लोकांपैकी सुमारे दोन-तृतीयांश तिथेच जन्मलेले आहेत. कॉलेजात पोहोचलेल्यांपैकी बहुतेकांचे इंग्रजी इतर अमेरिकी मुलांइतकेच सहज असते. तरीही दुसऱ्या भाषेतून शिकलेल्या कोणालाही एक गोष्ट ठाऊक असते. समोरासमोर बोललेले जितके कळते तितके फोनवर कळत नाही. मराठी माध्यमातून बारावी करून इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलाला विचारा. पहिले सहा महिने तो सरांच्या शब्दांपेक्षा त्यांच्या हातवाऱ्यांवर, फळ्यावर ओढलेल्या रेघेवर आणि शेजारच्याने वहीत काय लिहिले यावर जास्त विसंबून असतो. पडद्याच्या चौकटीत यातले पहिले दोन अर्धेमुर्धे येतात. शेजारी येतच नाही.

उलट बाजूने कोणी म्हणेल की चित्रफीत तर मागे नेता येते. न कळलेले वाक्य दहा वेळा ऐकता येते. सभागृहात ते एकदाच. मग दुसऱ्या भाषेतून शिकणाऱ्याला तिचा अधिक फायदा व्हायला हवा होता. व्हायला हवा होता, हे खरेच. पण मागे नेण्यासाठी आधी ती वेळेवर लावावी लागते. फिग्लिओ यांनी स्वतःच शंका व्यक्त केली होती की पडद्यावर शिकणारी मुले तास साठवत जातात आणि परीक्षा तोंडावर आली की एकदम पाहायला बसतात. ज्याने सहा आठवड्यांचे तास दोन रात्रींत पाहायचे ठरवले, त्याला मागे न्यायची फुरसत कुठून मिळणार?

इथे आपण खऱ्या कारणाजवळ येतो. ते कारण वेळेचे आहे आणि तो वेळ घरात जातो.

टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या काठी, मॅकॅलन आणि ब्राउन्सव्हिल ही गावे आहेत. नदीपलीकडे मेक्सिको. तिथल्या विद्यापीठात दहातले जवळपास नऊ विद्यार्थी हिस्पॅनिक आहेत आणि त्यातले पुष्कळ घरी राहूनच शिकतात. अशा एखाद्या घरातली एकोणीस वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. सकाळी दहाचा तास असेल तर ती साडेनऊला गाडी काढते आणि जाते. घरात कोणी काही म्हणत नाही, कारण ती कॉलेजला गेली आहे. आता तोच तास ऑनलाइन आहे असे समजा. मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसते. घरच्यांच्या लेखी ती घरीच आहे. आजीला, त्यांच्या शब्दात अबुएलाला, दवाखान्यातून फोन येतो. आजीला इंग्रजी येत नाही, म्हणून दुभाषी हीच. धाकट्या भावाला शाळेतून आणायचे आहे. आई हॉटेलात सकाळच्या पाळीला गेली आहे, चुलीवरची डाळ उतू जाऊ नये म्हणून कोणीतरी लक्ष ठेवायचे. यातले एकही काम अन्यायाचे नाही आणि कोणी मुद्दाम तिचा अभ्यास मोडत नाही. फक्त आता तिच्या तासाला घराबाहेरची जागा उरलेली नाही.

समाजशास्त्रज्ञ याला 'फामिलिस्मो' म्हणतात: कुटुंबाला सगळ्याच्या आधी मानण्याची रीत. हा शब्द जपून वापरायला हवा, कारण त्याच्या आडून दोष घरच्यांवर ढकलणे फार सोपे जाते. ज्या घरामुळे मुलीचा तास मोडतो त्याच घरामुळे ती कॉलेजात टिकते, हेही खरे आहे. फीचे पैसे तिथूनच येतात, जेवण तिथेच असते आणि पहिल्या परीक्षेत नापास झाल्यावर 'जाऊ दे, सोड' असे न म्हणणारी आईही त्याच घरात असते. वर्गखोलीचे काम घराशी भांडण्याचे नाही. तिने मुलीला दोन तासांचे एक निमित्त दिले तरी पुरे.

दुसरी एक गोष्ट वर्गाच्या दाराशी घडते आणि कोणत्याही चित्रफितीत येत नाही. तास संपतो, मुले दप्तरे भरतात आणि दोन-तीन जण मास्तरांच्या टेबलापाशी रेंगाळतात. 'मागणीच्या लवचिकतेचे ते उदाहरण पुन्हा सांगाल का?' एवढा एक प्रश्न. त्यांच्यातला एखादा गप्प असतो, पण उत्तर ऐकतो. अमेरिकी प्राध्यापकांच्या दारावर 'ऑफिस अवर्स'ची पाटी असते. त्या वेळात विद्यार्थ्याने बेलाशक यावे आणि विचारावे. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजात गेलेले नाही अशा कितीतरी मुलांना ती पाटी वाचून वाटते की ही प्राध्यापकांची स्वतःच्या कामाची वेळ आहे, तेव्हा त्यांना त्रास देऊ नये. पाटीचा अर्थ दुसऱ्या मुलाला आत जाताना पाहूनच कळतो. ऑनलाइन विषयात हीच सोय ईमेलने असते. अनोळखी मोठ्या माणसाला इंग्रजीत ईमेल लिहून 'मला कळले नाही' असे कळवणे किती जड जाते, हे पहिल्या पिढीतल्या मुलाला वेगळे सांगायला नको.

इथवर वाचून कोणी म्हणेल की मग बंद करा हे ऑनलाइन. नेमक्या याच ठिकाणी कॅलिफोर्निया आडवा येतो.

कॅलिफोर्नियातली कम्युनिटी कॉलेजे ही अमेरिकेतली उच्च शिक्षणाची सर्वांत मोठी सार्वजनिक व्यवस्था. तिथे शिकणाऱ्यांत आज निम्म्याच्या आसपास लॅटिनो, म्हणजे ढोबळमानाने हिस्पॅनिकच, आहेत. त्या राज्यातल्या एका धोरण-संशोधन संस्थेसाठी हान्स जॉन्सन आणि मारिसोल क्वेयार मेहिया यांनी २०१४ मध्ये या कॉलेजांच्या नोंदी तपासल्या. परिस्थितीचे इतर फरक जमेस धरल्यावर ऑनलाइन विषय पार करण्याचे प्रमाण वर्गातल्या विषयापेक्षा ११ ते १४ टक्केबिंदूंनी कमी निघाले आणि लॅटिनो व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची आधीची पिछाडी ऑनलाइनमध्ये आणखी वाढलेली दिसली. इथवर सगळे अपेक्षेप्रमाणे. पण त्यांनी त्याच विद्यार्थ्यांचा माग काही वर्षे पुढे ठेवला तेव्हा उलटेच दिसले. ज्यांनी निदान काही विषय ऑनलाइन घेतले होते ते दोन वर्षांची पदवी पुरी करण्यात किंवा मोठ्या विद्यापीठात जाण्यात इतरांपेक्षा पुढे होते.

ज्या साधनाने एकेक विषय बुडतो त्याच साधनाने पदवी पुरी होते, हे आधी विचित्र वाटते. मग वेळापत्रक पाहिले की विचित्रपणा जातो. समजा, पदवीला एक विषय सक्तीचा आहे आणि कॉलेजात तो मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी अकरालाच चालतो. विद्यार्थी त्या वेळी गोदामात पाळीवर आहे. वर्गात यायचे तर नोकरी सोडावी लागेल, नाहीतर विषय पुढच्या वर्षावर टाकावा लागेल, आणि पुढच्या वर्षावर टाकलेले फार थोडे विषय कधी पुरे होतात. ऑनलाइनमध्ये त्याला 'बी'ऐवजी 'सी' मिळेल, कदाचित पहिल्या खेपेस नापासही होईल. पण गाडी रुळावरून उतरणार नाही. म्हणजे ज्याला ऑनलाइनचा तोटा सर्वांत जास्त, त्यालाच त्याची गरजही सर्वांत जास्त. हा पेच वगळून जो कोणी या विषयावर ठाम बोलेल, त्याचे बोलणे जरा हात राखूनच ऐकावे.

पेचातून वाट काढायची तर प्रमाण आणि क्रम यांचा विचार करावा लागतो. पाच विषयांतला एखादा ऑनलाइन असणे आणि पाचही ऑनलाइन असणे यांत फार मोठे अंतर आहे. आमचे मत विचाराल तर पहिल्या वर्षाचे गणित, पहिला इंग्रजी निबंधलेखनाचा विषय, ज्यावर पुढचे सगळे उभे राहते ते वर्गात ठेवावे, तेही संध्याकाळच्या वर्गात. कॉलेजात पाय रुजले की मग ऐच्छिक विषय खुशाल पडद्यावर जावेत. बोवेन यांच्या प्रयोगातला आठवड्याचा एक समोरासमोरचा तासही विसरू नये. तो एक तास बहुधा त्याच्या लांबीपेक्षा बराच जास्त उपयोगी पडला.

राज्यकर्त्यांना मात्र ऑनलाइन हवे असते ते बहुधा निराळ्या कारणासाठी. २०१३ च्या जानेवारीत राज्यपाल जेरी ब्राउन यांच्या उपस्थितीत सॅन होजेच्या सरकारी विद्यापीठाने उडॅसिटी या कंपनीबरोबर १५० डॉलरांत गणिताचे विषय ऑनलाइन देण्याची योजना जाहीर केली. विद्यार्थ्यांत आधी गणितात मागे राहिलेले आणि शाळेत शिकणारेही होते. पहिल्या सत्रात इतके जण नापास झाले की जुलैत योजना थांबवावी लागली. उन्हाळ्याच्या सत्रात निकाल सुधारला, पण तेव्हा बसलेल्यांत पुष्कळजण आधीच पदवीधर होते. त्यांना कोणीही कसेही शिकवले तरी ते पास होतात. पाच वर्षांनी ब्राउन यांनीच पूर्ण ऑनलाइन सरकारी कॉलेज काढायचे ठरवले. कॅलब्राइट नावाचे ते कॉलेज २०१९ मध्ये सुरू झाले. काम करणाऱ्या, कमी शिकलेल्या प्रौढांसाठी ते होते, हेतू चांगला होता. पहिल्या काही वर्षांत अभ्यासक्रम पुरा करणारे इतके थोडे निघाले की राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२१ मध्ये खरपूस ताशेरे ओढले आणि विधिमंडळात ते बंद करण्याचे प्रस्ताव आले.

त्या मानाने गाजावाजा न होता झालेले काम अधिक मोलाचे ठरले. २०१३ पासून राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांनी ऑनलाइन शिक्षकांचे प्रशिक्षण, विषयांची गुणवत्ता तपासण्याचे निकष आणि मुलांसाठी ऑनलाइन शिकवणीची सोय एकत्र उभी केली. ऑनलाइन आणि वर्गातले यश यांतली दरी पुढच्या वर्षांत बरीच आक्रसली. याला खर्च आला. चांगले ऑनलाइन स्वस्त नसते, हे अजून कुठल्याच सरकारला आवडलेले नाही.

साथीने सगळ्यांना एकदमच पडद्यावर बसवले. २०१९ च्या शरद सत्रात अमेरिकेतल्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३६ टक्के जण निदान एक विषय दूरस्थ घेत होते. वर्षभरात हे प्रमाण ७५ टक्क्यांवर गेले. २०२० च्या ऑगस्टमधले एक छायाचित्र अमेरिकेत खूप फिरले. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास गावी, टाको बेलच्या उपाहारगृहाबाहेर फुटपाथवर दोन लहान मुली लॅपटॉप मांडीवर घेऊन बसल्या आहेत, आतल्या फुकट वायफायवर त्यांची शाळा चालू आहे. सॅलिनासच्या खोऱ्यातून देशभर सॅलडची पाने जातात आणि ती तोडणारे मजूर बहुतेक मेक्सिकन वंशाचे. सिलिकॉन व्हॅली तिथून गाडीने तास-दीड तासावर. त्या मुली शाळेतल्या होत्या, पण त्यांच्या मोठ्या भावंडांच्या कॉलेजचेही याहून वेगळे नव्हते. प्यू संशोधन केंद्राच्या २०२१ च्या पाहणीत ८० टक्के श्वेतवर्णीय प्रौढांच्या घरी ब्रॉडबँड होते, हिस्पॅनिकांपैकी ६५ टक्क्यांच्या घरी. दर चार हिस्पॅनिक प्रौढांत एकजण असा, ज्याचे नेट फक्त हातातल्या फोनवर. फोनवर तास पाहता येतो. फोनवर दहा पानी निबंध लिहून पाहावा म्हणजे समजेल.

ही जोडणी सुधारण्यासाठी केंद्र सरकारने गरीब घरांना महिन्याला ३० डॉलरची सवलत सुरू केली. दोन कोटी तीस लाखांवर कुटुंबांनी नाव नोंदवले. पैसे संपले, काँग्रेसने नवे दिले नाहीत आणि २०२४ च्या जूनमध्ये योजना बंद पडली. पुढच्या वर्षी दुसरा आधार हलला. पूर्णवेळ हिशेबाने किमान २५ टक्के हिस्पॅनिक विद्यार्थी असलेल्या कॉलेजांना अमेरिकी कायद्यात वेगळी ओळख आहे आणि त्यांना समुपदेशक, शिकवणी, प्रयोगशाळा यांसाठी अनुदान मिळे. २०२५ च्या सप्टेंबरात शिक्षण खात्याने अल्पसंख्याकांना सामावणाऱ्या संस्थांचा सुमारे ३५ कोटी डॉलरचा निधी थांबवत असल्याचे जाहीर केले. वांशिक प्रमाणावर पैसे देणे घटनाबाह्य आहे, ही त्यामागची भूमिका. तिच्या कायदेशीर बाजूवर कोर्टात वाद होत राहील. पण ऑनलाइन विषयात अडकलेल्या मुलाला फोन करून 'दोन आठवडे दिसला नाहीस, काय झाले?' असे विचारणारा माणूस अशाच अनुदानावर नेमलेला असतो. त्याच्या कितीतरी आधी हिस्पॅनिक विद्यार्थ्यांची संख्या २००० मधल्या १५ लाखांवरून २०१९ पर्यंत ३८ लाखांवर पोहोचली होती.

हे सगळे दूरचे आहे, आणि हिस्पॅनिक मुलाच्या जागी आपला कोणी ठेवून थेट निष्कर्ष काढणे बरोबर नाही. दोन देशांची कॉलेजे वेगळी, परीक्षा वेगळ्या, घरे वेगळी. एवढेच की विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक 'स्वयम्' या सरकारी मंचावरच्या ऑनलाइन विषयांतून घेण्याची मुभा दिली आहे. ज्या कोकणात साथीच्या दिवसांत मुलांना रेंजसाठी डोंगरावर खोपटे उभारून तासाला बसावे लागले होते, तिथल्या कॉलेजांनाही तीच मुभा लागू आहे.

कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांच्या राज्य कार्यालयाने 'डेटा मार्ट' नावाचे एक पान सर्वांसाठी खुले ठेवले आहे. तिथे कोणीही कॉलेज निवडतो, सत्र निवडतो, वर्गात की ऑनलाइन ते निवडतो, मग विद्यार्थ्यांचा गट निवडतो, आणि किती जणांनी विषय पार केला तो आकडा समोर येतो. तो पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. आपल्या विद्यापीठांना ४० टक्के ऑनलाइन करायचेच असेल तर निकालपत्रकात आधी हा एक रकाना वाढवावा: विषय कुठे शिकला, वर्गात की पडद्यावर. आणि त्याच्या शेजारी आणखी एक: घरातून कॉलेजात जाणारा तो पहिलाच होता का.